दाणा धरलेला मध

मंगळवारी सकाळी देऊळघाटहून प्रकाशचा फोन आला. तो म्हणाला, "मामा, आई गेली." मी फोन ठेवला, चपला घातल्या आणि बसस्टँडवर गेलो.

अक्का, अनूचा पहिला वाढदिवस पुढच्या महिन्यात होता.

हे एवढं एकच वाक्य मी त्या दिवशी तुला ऐकवत होतो. स्टँडवर उभा असताना, बसच्या खिडकीशी, तुझ्या दारात चपला काढताना. पुढच्या महिन्यात होता. वर्षभर "झालं का वर्ष, झालं का वर्ष" म्हणून माझ्या मागे लागलीस आणि वर्ष व्हायला आलं तेव्हा उठून निघून गेलीस. तुझ्याभोवती बाया रडत होत्या. प्रकाश भिंतीला टेकून बसला होता. त्यानं मला मिठी मारली तेव्हा मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पण मला रडू येत नव्हतं. मला तुझ्याशी भांडायचं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तू माझ्यासमोर होतीस आणि उलट उत्तर देत नव्हतीस.

हे मी थांबत थांबत लिहितो आहे. एक परिच्छेद लिहितो, उठून अंगणात जातो, परत येतो. ग्रंथालयात नोकरी केलेल्या माणसाला दुसऱ्यांचं लिहिलेलं सांभाळायची सवय असते, स्वतःचं लिहायची नसते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लिहू नको, बोल." तेच तर जमत नाही.

आपल्या घरात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला पहिला मध तुझ्या बोटानं मिळाला. दुधाच्याही आधी जिभेला मधाचं बोट लावायचं, आणि ज्याचं बोट लागलं त्याचा गुण बाळात उतरतो, असं आपल्याकडे मानत आले. हे काम आजीनं तुझ्याकडे दिलं तेव्हा तूच परकरात होतीस. आजी म्हणाली होती म्हणे, ही पोरगी आजारी पडत नाही, ताटात काही टाकत नाही आणि कोणाला घाबरत नाही, हिचंच बोट लागू दे. तुझ्या बोटाचं पहिलं बाळ मी.

या रिवाजाविरुद्धचा मी एक चालता पुरावा आहे, बोलता म्हणता येणार नाही. हे मी तुला एकदा सांगितलंही होतं. "अक्का, तुझा गुण माझ्यात उतरला असता तर मी गावचा पुढारी झालो असतो. मला चार माणसांत तोंड उघडता येत नाही." तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तू मनातल्या मनात केवढी बडबड करतं, मले काय माहीत नाही का? ते माह्यंच व्हय."

पुढं तू माझ्या मुलाला बोट लावलंस, प्रकाशला लावलंस, गल्लीतल्या कोण जाणे किती पोरांना लावलंस. बाळंतिणीच्या घरून बोलावणं आलं की हातातलं काम टाकून निघायचीस. मग आमची अनू झाली. माझी पहिली नात.

बुलढाण्याच्या दवाखान्यात तू आलीस तो दिवस मला बारीकसारीक आठवतो, कारण त्या दिवसाचा वाद आपण नंतर वर्षभर चघळला. रश्मी, माझी सून, पडून होती. अनू तिच्या कुशीत होती. तू दारातून थेट पलंगाकडे आलीस, पदराच्या गाठीतून छोटी बाटली काढलीस आणि नळाखाली हात धुतलेस. हात मात्र तू नेहमी धुवायचीस, ते मान्य करतो.

मी म्हणालो, "अक्का, मध नको."

"काऊन?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही."

"डाक्टर कालचं पोट्टं हाय. त्याले त्याच्या आजीनं काय चाटवलं होतं ते इचार आधी."

मी तुला समजावून सांगायला लागलो. मधात एक जिवाणू असू शकतो. मोठ्या माणसाचं आतडं त्याला जागा देत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात तो वाढतो आणि विष तयार करतो. असं क्वचित होतं, पण झालं तर बाळ लुळं पडतं, श्वास अडकतो. मध कितीही शुद्ध असला तरी हा धोका जात नाही. मी हे सगळं हळू आवाजात, व्यवस्थित सांगितलं. तू शेवटपर्यंत ऐकलंस आणि म्हणालीस, "तुले देल्ला तवा तू काऊन नाही मेला?"

"नशीब माझं."

"मंग हिचं नशीब काय तुह्या पुस्तकानं खाल्लं?"

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. मी पलंग आणि तू यांच्यामध्ये जाऊन उभा राहिलो. आयुष्यात मी कोणाला असा आडवा आलो नव्हतो. तू मला बाजूला सारलंही असतंस, तेवढी ताकद तुझ्या हातात होती. पण तेवढ्यात रश्मीनं अनूला आणखी जवळ ओढलं. ते तुला दिसलं. तुझा आवाज तिथंच खाली आला.

"वर्षानं चालते?"

"वर्षानंतर चालतं."

"मंग आयक. वर्ष होईस्तोवर कोनी मधाचं बोट लावाचं नाही. तिच्या मायनं नाही, तिच्या मामानं नाही. अन् तू त नाहीच नाही. तुह्यं बोट लागलं त पोरगी मुकी निंघन."

"बरं."

"पयलं बोट माह्यं."

"तुझंच," मी म्हणालो.

आज पुन्हा तो दिवस आला तर मी पुन्हा तसाच आडवा येईन. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. जे आहे ते दुसरंच आहे. मी तुला शब्द दिला होता आणि तू तो घ्यायला थांबली नाहीस.

त्या चैत्रात तू फोन करून मला देऊळघाटला बोलावून घेतलंस. परसातल्या बोरीवर फुलोरी, म्हणजे बारक्या माश्यांचं मोहोळ लागलं होतं, हाताच्या पंजाएवढं. "अनूचा मध लागला, पाह्याले ये," म्हणालीस, जणू मोहोळावर तिचं नाव होतं. मी पोचलो तेव्हा प्रकाश तोंडाला उपरणं गुंडाळून बोरीखाली उभा होता, हातात धुमसती गोवरी. तू मागून हुकूम सोडत होतीस.

"धूर दे, जाळू नको. तिच्या घरात सैपाक नाही कराचा आपल्याले."

"आई, चावून राह्यल्या ना वो!"

"मंग? चोराले काय चहा पाजतीन त्या? वरचा भाग घे. खालच्यात पोरं हायेत तिचे."

प्रकाशनं वरचा मधाचा भाग कापला. अंड्या-अळ्यांचा खालचा भाग तू स्वतः जुन्या लुगड्याच्या चिंधीनं परत फांदीला बांधलास. माश्या तुझ्या हातावर बसत होत्या आणि तू त्यांच्याशी काहीतरी पुटपुटत होतीस. घरात येऊन तू पोळं पातळ फडक्यात ठेवलंस आणि फडकं खुंटीला टांगलंस. मी म्हणालो, पिळून टाक की, लवकर होईल. तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी कोणाचा तरी गळा पिळायला सांगितला होता. लेकराचा मध आपोआप गळलेलाच पाहिजे. दुपारभर थेंब थेंब गळून काचेच्या छोट्या बरणीत जेमतेम चार बोटं मध जमला. पातळ, लालसर. तू झाकण लावलंस, वरून कापड बांधलंस आणि बरणी फळीवर अगदी वर ठेवलीस, प्रकाशच्या पोरांचा हात पोचणार नाही अशी.

नंतर तुझे फोन.

"दात आले का तिले?"

"दोन आले."

"दात आले म्हंजे अन्न पचते. अन्न पचते त मध नाही पचत?"

"वर्ष, अक्का."

"तुह्यं वर्ष कोन्या हिशोबाचं हाय बे? आमचं त बारा महिन्याचं असते."

मी दर वेळी तेच उत्तर देत होतो आणि दर वेळी तू नवीन वाट काढत होतीस. अनू रांगायला लागली तेव्हा म्हणालीस, आता पळून जाऊ शकते, आता द्यायला हरकत नाही. मी फोन ठेवल्यावर हसायचो. रश्मीही हसायची. तिला तुझी भीती उरली नव्हती. दिवाळीत तू आलीस तेव्हा तिनं अनूला स्वतःहून तुझ्या मांडीवर दिलं, आणि तू संध्याकाळपर्यंत तिला खाली ठेवलं नाहीस. तुझं बोट अनूनं हिरड्यांत धरून चावलं. तू माझ्याकडे पाहून म्हणालीस, "पाय, मागून राह्यली." तेव्हा अनूला हिवाळा काढायचा राहिला होता. तुलाही.

तू गेल्यावर मी काही दिवस देऊळघाटलाच राहिलो. प्रकाश भेटायला येणाऱ्यांत गुंतलेला. मी तुझ्या स्वयंपाकघरात बसायचो, कारण बाहेर बसलं की कोणीतरी येऊन "कसं झालं?" विचारायचं. आत बसलो की मात्र सगळीकडे तूच. शाळेत असताना मला दर थंडीत खोकला व्हायचा. तू अडुळशाची पानं तव्यावर मऊ करून रस काढायचीस आणि तो वाटीत गार होईपर्यंत मला समोर बसवून ठेवायचीस. मी म्हणायचो, दे लवकर. तू म्हणायचीस, "गरमात मध घातला का इख होते." गार झाला की मध घालून चाटवायचीस, आणि तो कडू-गोड घोट घशाखाली गेला की खरंच रात्र बरी जायची. त्या खोकल्याच्या रात्रींमध्ये तू मला पुस्तक वाचू द्यायचीस, कंदील स्वतः धरून. तुला वाचायला फार आवडत नव्हतं. पण मी वाचतो आहे हे बघायला आवडायचं. हे मी कधी बोललो नाही, म्हणून इथं लिहितो.

तुझ्या लग्नाआधी आईनं डाळीचं पीठ, साय आणि मध कालवून तुझ्या तोंडाला, हाताला चोळलं. रात्री तुझ्या अंथरुणात मुंग्या झाल्या. तू ओरडत उठलीस आणि आईला म्हणालीस, "नवरदेवाच्या आधी मुंग्याईनंच पसंत केली मले." अख्खं लग्नघर हसलं. तरी पुढं गल्लीतल्या प्रत्येक नवरीला तू तोच लेप लावत राहिलीस. आणि तोंड नीट धुवायची ताकीदही देत राहिलीस. थंडीत ओठ फुटले की मध. कढईतलं तेल उडून हात भाजला की मध, आणि मी "आधी गार पाणी घाल" म्हणून ओरडायचो. पाणी तू घालायचीस, पण मधानंतर, म्हणजे सगळा मध वाहून जायचा. मग परत मध लावायचीस आणि म्हणायचीस, झालं का तुझ्या मनासारखं? शिळ्या ज्वारीच्या भाकरीवर लोणी आणि मध, हा माझा नाश्ता. मधात मुरवलेले आवळे मला नोकरी लागल्यावरही बुलढाण्याला यायचे. पंचामृतात तूप आणि मध सारख्या मापानं पडले, ते विष मानतात, म्हणून एकदा तू अख्खं भांडं बाजूला ठेवून नवं केलंस. भटजी ताटकळले होते. तू त्यांना म्हणालीस, देवाला घाई नाही, तुम्हालाच आहे.

हे सगळं आठवलं की मन भरून यायला हवं. तसं थोडं येतंही. पण मग मला तुझी साखर आठवते आणि पुन्हा डोकं फिरतं.

तुला मधुमेह होता, अक्का. रोज सकाळी तू कोमट पाण्यात लिंबू आणि चांगला मोठा चमचा मध घालून प्यायचीस. चहा बिनसाखरेचा, त्याचा अभिमान, आणि मध हा असा. मी सांगायचो, मध ही साखरच आहे. तू म्हणायचीस, साखर कारखान्यात होते, मध फुलात होतो. तपासणीला चल म्हटलं की तुझं सोयाबीन काढायचं असायचं, नाहीतर कोणाची तरी बाळंतीण अडलेली असायची. डॉक्टरांनी तू हृदयविकारानं गेलीस म्हणून सांगितलं तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, ही रोज मध घ्यायची, त्यानं झालं का? ते थकलेले होते तरी शांतपणे म्हणाले, "असं एका गोष्टीवर नाही सांगता येत, काका. वय होतं, शुगर होती, बीपी होता. मधाचं नाव कशाला घेता?"

मधाचं नाव कशाला घेता. म्हणजे रागवायला तेवढी एक जागा होती, तीही गेली. मी तुझ्यावर रागावलो आहे आणि कशावरून ते मला कोणाला दाखवता येत नाही. मध तुला लागला नाही. मी तुला पुरेसं सांगितलं नाही असंही नाही, सांगून सांगून माझा घसा बसला होता. तू ऐकलं असतंस तर वाचली असतीस का, हेही कोणी सांगत नाही. इतकी वर्षं वाद घातला आणि शेवटी निकालच लागला नाही.

दुसरा वाद मात्र असा नव्हता. त्यात तू चूक होतीस, स्वच्छ चूक, आणि तोच आपल्याला नडला.

तुझं म्हणणं, खरा मध कधी दाणा धरत नाही. बरणीच्या बुडाशी साखरेसारखे कण बसले की समजायचं, विकणाऱ्यानं पाक घातला. मी तुला किती वेळा सांगितलं की उलट आहे. चांगल्या मधालाही थंडीत दाणा येतो, त्यातलीच साखर घट्ट होऊन खाली बसते. बरणी कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ होतो, काही बिघडत नाही. माझ्या एका मित्रानं सातपुड्यातून आणून दिलेला मध मी तुला मोठ्या हौसेनं दिला होता. पौषात त्याला दाणा आला आणि तू तो गोठ्यात म्हशीच्या आंबोणात ओतलास.

मी विचारलं, "अक्का, बाटली कुठं?"

"म्हशीले देल्ली. तुह्या दोस्तानं फसवलं तुले. शिकेल लोकं लवकर फसतात."

"तो खरा मध होता."

"मंग म्हैस बरी होईन. तुह्यं काय चाललं?"

मी चिडलो होतो आणि तरी हसलो होतो, आणि विषय तिथंच सोडून दिला होता. तुझ्याशी वाद घालताना नेहमी असंच व्हायचं. तू हसवून पळायचीस आणि मी हसून हरायचो. मला वाटायचं, राहू दे, पुन्हा कधीतरी. एका म्हशीच्या आंबोणानं काय बिघडतं?

तेरवी झाल्यावर मी सुनीताला बरणी मागितली. आपल्या प्रकाशची बायको अबोल आहे, माझ्यासारखी. तुझ्या पोटची लेक तुला नव्हती, पण सुनीतानं तुझं शेवटपर्यंत केलं, आणि तुझा शब्द तिला कायद्यासारखा होता. ती भांडी आवरत होती. फळीवर वरच्या बाजूला मी पाहिलं तर जागा रिकामी होती.

"सुनीता, ती बरणी?"

"कोनती, मामा?"

"मधाची. अनूची."

ती थांबली. ओला हात तिनं पदराला पुसला. "मामा, तो खराब झाला होता. दहाव्याची साफसफाई केली तवा खाली काढला. बुडाशी सारी साखर बसली होती. मी त ओतून देल्ला."

मी त्या रिकाम्या फळीकडेच बघत राहिलो. तिला वाटलं मी समजलो नाही, म्हणून ती आणखी सांगायला लागली. "आईच म्हनत ना, दाना धरला का तो पाक. आपल्या डोयानं पाहून काढेल मध, मले बी नवल वाटलं. पन दाना होता, मामा. लेकराले तसा कसा द्याचा? उद्या लोकं म्हनतीन, बुढीनं नातीले पाक ठिवला. आईच्या नावाले बट्टा लागला असता."

तिचे डोळे भरले होते. तिनं तुझी अब्रू वाचवली होती, अक्का. तुझ्याच नियमानं, तुझ्याच बोरीवरचा, तू स्वतःच्या हातानं थेंब थेंब गाळलेला मध तिनं मोरीत ओतला. बरणी घासून, धुऊन तिनं ओट्यावर पालथी घातली होती.

मी "बरं केलंस" म्हणालो.

मध चांगला होता हे मी तिला सांगितलं नाही. काय सांगणार? कोमट पाण्याचं एक पातेलं पुरलं असतं, हे? मी बाहेर जाऊन बोरीखाली उभा राहिलो. तिथं मला तुझा इतका राग आला की मी मोठ्यानं बोललो. मी, चार माणसांत तोंड न उघडणारा, एकटाच बोरीखाली उभा राहून म्हणालो, "एकदा तरी ऐकायचं होतंस." समोरच्या घरातली म्हातारी दारात येऊन बघायला लागली, तेव्हा आत आलो. इतकी वर्षं मी बरोबर होतो आणि त्याचा कोणाला उपयोग झाला नाही. तुला नाही, अनूला नाही, सुनीताला तर नाहीच. हे लिहिलेलं कधी तिच्या वाचनात आलं तर तिनं एवढं लक्षात घ्यावं, की तिनं तुझं ऐकलं. तुझं न ऐकणारा या घरात मीच एक होतो, आणि माझ्या हातीही काही लागलं नाही.

मागच्या आठवड्यात अनूचा वाढदिवस झाला. तू नुकतीच गेलेली, म्हणून घरच्या घरीच. प्रकाश आणि सुनीता देऊळघाटहून आले. रश्मीनं छोटा केक आणला होता आणि त्याच पिशवीतून मधाची बाटली. दुकानातली, सीलबंद. तिनं ती टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "आत्याआजींची राहिलेली गोष्ट आज करून टाकू, बाबा." तिनं ते प्रेमानंच म्हटलं. दवाखान्यात अनूला ओढून घेणारी ती, आणि आज तीच बाटली घेऊन आली. तुला हे बघायला मिळायला हवं होतं.

केक कापून झाल्यावर ती वाटीत मध काढायला लागली, तेव्हा सुनीतानं हळूच विचारलं, "मामा, बोट कोनाचं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आपल्या घरात हा प्रश्न कधी कोणाला पडलाच नव्हता.

"तुम्हीच लावा ना बाबा," रश्मी म्हणाली.

प्रकाश म्हणाला, "मामाचं नको. आईनं चिठ्ठी फाडेल हाय मामाच्या नावाची. पोरगी मुकी निंघन." तो हसला, मग त्याला हसवेना. वाटीकडे बघत म्हणाला, "मी लावू का? माह्यात आईचा अर्धा त गुण असन."

"तुमच्यात?" सुनीता म्हणाली. "तुमी त माशीले भेता." तेरवीनंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. मग एकदम तिनं स्वतःचे दोन्ही हात मागे घेतले. तिच्या बोटाचं नाव कोणी काढू नये म्हणून.

अनू माझ्या मांडीवर होती. वाटीकडे बघून तोंड उघडत होती. मी म्हणालो, "थांबा. आज नको."

"आता कशासाठी थांबायचं?" रश्मीनं विचारलं. "वर्ष तुम्हीच सांगितलं होतं. झालं ना वर्ष. डॉक्टरही हो म्हणाले."

"माहीत आहे."

"मग कधी द्यायचा?"

मी वाटी अनूच्या हातापासून लांब सरकवली. मी आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला आधार विचारत आलो. कोणी काही म्हटलं की कुठं लिहिलंय, कोणी तपासलंय, विचारायचो. तुला तर सतत विचारायचो. या 'आज नको'ला माझ्याकडे काही आधार नाही. जिवाणूचा धोका टळला, वय झालं, मध सीलबंद आहे, घरातली सगळी माणसं हो म्हणत आहेत. फक्त मी तुला "तुझंच" म्हणालो होतो. एवढ्यावर मी एका लेकराची वाटी मागे घेतली. तू हे पाहिलं असतंस तर मला वेड्यात काढलं असतंस. पहिली तूच म्हणाली असतीस, दे रे, दे, मेल्या माणसाची कसली वाट पाहतो. तुझ्याकडून हे ऐकलं असतं तर मी दिलाही असता.

रश्मीनं वाद घातला नाही. वाटीतला मध तिनं मोठ्यांच्या ताकात घातला आणि बाटली फळीवर ठेवून दिली.

अनू एक वर्षाची झाली आहे. ती वरणभात खाते, पोळीचा तुकडा चोखते, हाताला लागेल ते तोंडात घालते. मध तिला अजून कोणी दिलेला नाही.